अडीचवर

गोधडीत गुंडाळून आणला अहिररावांनी,
जेल रोडपासून सातपूरपर्यंत रिक्षात, मांडीवर धरून.
नातवानं पाडला म्हणाले.
नेमका बटणावर पडला, खुंटी वाकली.
खरखर तशी आधीपासून होती,
पण ती आवाज खाली आणला तरच.
"सहावर स्वच्छ वाजतो. आणि सहाच्या खाली
मी कधी ऐकलाच नाही, बाई."

जपानी रिसीव्हर, मेव्हण्यानं मस्कतहून पाठवलेला.
लाकडी कडा, हिरवट काच,
काचेमागे मेलेल्या दिव्यांपैकी एक अजून तग धरून.
मी झाकण काढलं. धूळ फुंकली नाही,
ब्रशनं काढली, खालून वर.

बावीस वर्षं मी हेच केलं, इथं एमआयडीसीत.
दिवसाला आठशे पॉट हाताखालून जायचे.
सुपरवायझर ओरडायचा, कान लावू नका, मीटर बघा.
कंपनी बंद पडली तेव्हा हिशेबात
अर्धा पगार आला आणि पॉटचे दोन डबे.
पगार कधीच संपला.

शिसं वितळवून सहा तारा सोडवल्या,
कुठली कुठं होती ते पंचांगाच्या मागं लिहून ठेवलं.
पॉट दोन मजली असतो, डाव्याचा एक, उजव्याचा एक.
पत्र्याचे चार कान सरळ केले की उघडतो.

आत काळी वाट, नालेच्या आकाराची.
सहाच्या जागी कारखान्यातून निघाली तशीच, चकचकीत.
पण दोन आणि तीनच्या मध्ये
कार्बन उडून गेलेला, खालचा तपकिरी पत्ता दिसतो,
भांग पाडावा तसा फिका पट्टा.
दोन्ही मजल्यांवर. तिथल्या तिथंच.

रविवारच्या रविवार बटण फिरवून हे होत नाही.
हे रोजचं असतं.
कुकरची शिट्टी आली की किंचित पुढं,
कुणी कूस बदलली की लगेच मागं.

"ड्यूटी कसली होती तुमची?"
"नोटांच्या प्रेसला. तीस वर्षं, बहुतेक रात्रपाळीच."
"म्हणजे दिवसा झोप."
"टाचणी पडली तरी जाग यायची मला.
मथुरानं कधी पाडली नाही.
तिला जाऊन तीन वर्षं झाली."
"त्यांना गाण्याची आवड?"
"छे. तिला त्यातलं काही नव्हतं."

मी इस्त्री गरम करत ठेवली.
काही वेळा बोलायचं नसतं, शिसं वितळेपर्यंत थांबायचं असतं.

डब्यातला एक पॉट मापाला बसला,
खुंटी मात्र अर्धा इंच लांब. ती कापली, कानशीनं घासली.
बटणाच्या पोटातला स्क्रू दमानं आवळला.
लावला. कुठलंसं स्टेशन, कांद्याचे भाव, मग सनई.
खरखर नाही. डावं-उजवं सारखं.

जुना पत्ता औषधाच्या पुडीत घालून हातात दिला.
"हे काय?"
"जुना भाग परत द्यायची पद्धत आहे."
अशी पद्धत माझ्याकडे नाही.
त्यांनी पुडीतून काढला, खिडकीकडे तोंड केलं,
एक डोळा मिटून उजेडात धरला.
तीस वर्षं असाच धरत असतील,
कोऱ्या कागदातला चेहरा शोधत.

"इथं असं काय झालंय?"
"तिथं वापर झालाय."
"पण मी तर सहावर..."

खाली भंगारवाला ओरडत गेला. तो गल्ली ओलांडेपर्यंत
आम्ही दोघं गप्प.

चारशे सांगितले, त्यांनी पाचशेची दिली.
नोट न बघता दिली.
निघताना मी म्हटलं, नव्या पॉटचा चढ वेगळा आहे हं,
अडीचवर आवाज जरा मोठा वाटेल.
"किती मोठा?"
"शेजारच्या खोलीत ऐकू येईल, एवढा."

गोधडी माझ्याकडेच राहिली.
टाके बारीक आहेत, सगळे एका मापाचे.
फोन करायचाय त्यांना. आज करीन, उद्या करीन.